नंदगडच्या माळ्यावरचं यंत्र

शहापूर, बेळगाव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

फोटो बघितले. नंदगडच्या बंद छापखान्याच्या माळ्यावर पोत्यांखाली जुना संगणक, मॉनिटर, फ्लॉप्या असं एवढं सगळं सापडूनही तू ते लगेच प्लगला लावलं नाहीस, हे फार बरं केलंस. ‘चालू करून बघू का सर?’ असं विचारलंयस. नको. निदान या पावसाळ्यात तरी नको.

त्या काळच्या काही संगणकांच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, मेन्सच्या बाजूला, पिवळट पारदर्शक आवरणाचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतात. आत कागद असतो. आवरणाला बारीक तडे जातात, कागद हवेतली ओल पितो आणि बऱ्याच वर्षांनी २३० व्होल्ट मिळाले की थोड्या वेळात फट्ट होऊन खोलीभर धूर. १९८४ साली शाळांसाठीच्या ‘क्लास’ योजनेत आपल्याकडे आलेले बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक यासाठीच बदनाम आहेत. खानापूर तालुक्यातल्या पावसात माळ्यावरच्या कागदाने किती ओल प्यायली असेल, तूच हिशेब कर. आधी डबा उघडून बघू, मग सिरीज बोर्डवर, म्हणजे वाटेत बल्ब जोडून वीज आवरती ठेवत, चालवू. मॉनिटरचं मागचं झाकण मात्र तू एकट्याने उघडायचं नाहीस. आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात.

सध्या तुझं हत्यार म्हणजे वही. कोणती वस्तू कशाखाली होती, कुठली वायर कुठे जोडलेली होती, डब्यावर कुणी पेनाने काय लिहिलंय, सगळं हलवायच्या आधी टिपून घे. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेव. चिपांवरचे चार आकडे दिसतील असे जवळून काढ: ८९३२ असेल तर चिप १९८९च्या बत्तिसाव्या आठवड्यातली. असे वीसेक आकडे जमले की बिल नसलं तरी यंत्राचं वय साधारण कळतं. एखादीच चिप बाकीच्यांपेक्षा चार वर्षांनी लहान निघाली, तर तिथे दुरुस्ती झालीय. काही चिपांवर कागदी लेबल चिकटवलेलं असेल, ते नखाने काढू नकोस. खाली काचेची खिडकी असते आणि उन्हाने आतला प्रोग्रॅम हळूहळू पुसला जातो.

बॅटरीबद्दल मी सांगतो ते माझ्या मूर्खपणातून शिकलेलं आहे. एक चांगला चालता ३८६ (त्या काळचा संगणक) मी जपून ठेवायचा म्हणून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. तीन पावसाळ्यांनी सोडला, तर मदरबोर्डच्या कोपऱ्यातली ती निळी निकेल-कॅडमियमची बॅटरी पाझरून शेजारच्या तांब्याच्या रेषा खाऊन बसलेली. हिरवा कळंक सगळीकडे. नुसता पडून राहिला असता तर कदाचित वाचला असता. प्लास्टिकने ओल आत कोंडली. तेव्हा बॅटरी आधी कापून काढायची. पाझर अल्कधर्मी असतो, म्हणून कापसाने थोडं व्हिनेगर लावायचं, मग डिस्टिल्ड पाण्याने पुसायचं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पिवळी पडलेली केस हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरी करायचं वेड सध्या पुष्कळांना आहे. मला ते आवडत नाही. छापखान्यातलं यंत्र छापखान्यातलं दिसू दे की.

आता तिसऱ्या फोटोतलं ते लांब कार्ड. त्यावर जिस्ट (संगणकावर भारतीय लिपी दाखवणारं तंत्र) लिहिलंय ना? तेच खरं घबाड. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे आणलेलं हे तंत्र. ते बसवलं की डॉसवरच्या वर्डस्टार, डीबेस या प्रोग्रॅममध्ये आपली अक्षरं दिसायची. गंमत पुढे आहे. इस्की, म्हणजे भारतीय लिपींतल्या अक्षरांना अंक देणारी पद्धत, तिच्या १९९१च्या प्रमाणात ‘क’चा अंक १७९, मग लिपी देवनागरी असो की कन्नड. भारतीय लिपींसाठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवरही ‘क’ त्याच बटणावर. म्हणजे मजकूर एकदा टाइप करून लिपी बदलली की तोच कन्नड अक्षरांत. भाषांतर नव्हे हं, नुसता वेष बदलतो. आपल्या भागात लग्नपत्रिका दोन्ही लिपींत काढणाऱ्याला याहून काय हवं होतं?

पण मेख आहे. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ वेगळा, मराठीत तो नाही. मराठीत ‘बेळगावी’ टाइप करून कन्नड केलं तर ‘बे’ दीर्घ येतो; कन्नड माणूस तो ऱ्हस्व लिहितो. इस्कीत त्या स्वराला वेगळा अंक आहे, पण तो कुणीतरी हाताने घालायला हवा. तिथे टाइप करणाऱ्या ज्या अक्कांबद्दल तू लिहिलंस, त्यांनी तशा शेकडो दुरुस्त्या केल्या असणार. त्यांच्याकडे आधी जा. कीबोर्ड पुढे ठेव आणि बोलता बोलता त्यांची बोटं कुठे जातात ते रेकॉर्ड कर. एक्सटीसारखी जुनी संगणक-यंत्रं जगात पुष्कळ उरली आहेत. नंदगडला ती कुणी, कशासाठी, कोणत्या लिपीत चालवली हे सांगणारं माणूस एखादंच असेल.

फ्लॉप्या घाईने ड्राइव्हमध्ये घालू नकोस. बुरशीची एक फ्लॉपी ड्राइव्हचं वाचणारं हेड खराब करते आणि मग ते हेड पुढच्या दहांना ओरखडे काढतं. सव्वापाच इंचीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लाव, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. लेबलांचे फोटो काढ. वाचायचं काम माझ्याकडच्या ग्रीसवीझल या छोट्या उपकरणावर करू. ते फाइली न बघता चुंबकीय खुणाच जशाच्या तशा उतरवून घेतं. पुढच्या विंडोजच्या काळातल्या श्रीलिपी, आकृती या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फाइली असतील तर त्यांचे फाँटही शोध. ते नसले तर आख्खी पत्रिका नुसत्या अगम्य चिन्हांची खिचडी दिसते.

पाऊस उघडला की रविवारी ये. मॉनिटर उशीवर काच खाली करून ठेव. आणि हार्ड डिस्क एकटी आणू नकोस. तिचं कंट्रोलर कार्डही, म्हणजे तिला संगणकाशी जोडणारं, काढून सोबत आण. त्या काळची डिस्क दुसऱ्या कार्डावर पुष्कळदा वाचताच येत नाही.

तुझा,
सर