एमएफआय रोज वेगळा येतोय? आधी डाय बघा

एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स) म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहतं त्याचं माप. मशीनला दोष देण्याआधी डाय, म्हणजे ते प्लास्टिक ज्या बारीक भोकातून बाहेर पडतं तो भाग, काढून उजेडासमोर धरा. भोक 2.095 मिमीचं, लांबी 8 मिमी. आत जळकी काळी कड दिसली तर रीडिंग कमीच येणार. गरम असतानाच पितळी सळईने साफ करा, स्टीलची सुई घालू नका. भोक जरा जरी मोठं झालं, तर त्यानंतरचं प्रत्येक रीडिंग फुगलेलं येईल. भोकाचं माप तपासणारा गो-नोगो गेज त्यासाठीच असतो, पण तो बहुतेक ठिकाणी ड्रॉवरमध्येच पडून असतो.

पीपीला (पॉलिप्रोपिलीन) 230 अंश सेल्सिअस आणि पिस्टनवर 2.16 किलो वजन, पीईला (पॉलिथिलीन) 190 अंश, वजन तेच. पीईचं तापमान ठेवून पीपी चालवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या तापलेल्या नळीत, 4-5 ग्रॅम दाणे थोडे थोडे टाका आणि प्रत्येक वेळी रॉडने दाबा, नाहीतर हवा अडकते. भरणं मिनिटभरात उरकलं पाहिजे. मग पिस्टन ठेवून पाच मिनिटं थांबा.

पिस्टनवरची खालची खूण बॅरलच्या काठाशी आली की डायमधून येणाऱ्या धाग्याचं कटिंग सुरू. बुडबुडा असलेला तुकडा फेकून द्या. 30 सेकंदांच्या तुकड्यांचं सरासरी वजन 0.55 ग्रॅम भरलं, तर 0.55 × 600 ÷ 30, म्हणजे 11 ग्रॅम प्रति 10 मिनिटं.

पीसी (पॉलिकार्बोनेट) किंवा पेट (बाटल्यांचं प्लास्टिक) असेल तर आधी नीट वाळवा. ओलाव्याने प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, एमएफआय वर जातो आणि चांगला लॉट उगाच रिजेक्ट होतो.