भागीदार म्हणून नाव घातलंय, पण पैशाचं काय?

प्रश्न : आमची प्रयोगशाळा सेन्सरसाठी पातळ थर बनवते. ‘होरायझन युरोप’ या युरोपीय संघाच्या संशोधन-निधी कार्यक्रमासाठीच्या एका प्रस्तावात भागीदार व्हा, अशी तिकडच्या एका प्राध्यापकांची मेल आली आहे. दहा दिवसांत दोन पानं मजकूर हवा म्हणतात. आमची संस्था भारतातली. निधी मिळेल का? होकार देण्याआधी काय पाहावं?

उत्तर : आधी त्यांना विचारा, आमचं नाव ‘बेनिफिशियरी’ म्हणून आहे की ‘असोसिएटेड पार्टनर’ म्हणून? पहिल्याला ग्रँट मिळते. दुसऱ्यानं कामही करायचं आणि त्याचा पैसाही स्वतःच उभा करायचा! कार्यक्रम मोठा आहे, २०२१ ते २०२७ साठी सुरुवातीला सुमारे ९५.५ अब्ज युरो ठरले होते. पण कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या बऱ्याच देशांना मिळणारा आपोआप निधी भारत, चीन, ब्राझील यांना नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या आधीच्या कार्यक्रमापासूनच, ‘होरायझन २०२०’पासूनच, हे असं आहे. एखाद्या कॉलमध्ये, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातीत, तशी स्पष्ट तरतूद असली तर गोष्ट वेगळी. म्हणून कॉलचा मजकूर स्वतः वाचा, मेलवर विसंबू नका.

तुमच्या बाजूची गोष्टही सांगते. अशा संयुक्त प्रस्तावाला साधारणपणे तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था लागतात, त्याही युरोपीय संघाच्या सदस्य किंवा संलग्न (करार करून कार्यक्रमात सामील झालेल्या) देशांतल्या. त्या तिघांत तुमची गणती नाही. म्हणजे त्यांना संख्या भरायची नाहीये, तुमचे थर हवेत. तेव्हा बोलणी करायला कचरू नका.

आता प्रस्तावात लिहायचे ‘पर्सन-मंथ’. एका माणसाचं महिनाभराचं पूर्णवेळ काम. मी तिकडच्या एका प्रयोगशाळेत असताना समन्वयकाचा फोन आला, ‘मोजमापाला किती धरू?’ मी म्हटलं, ‘सहा लिहा.’ मोजमाप सहात बसलंही असतं. पण चेंबर साफ करणं, नमुने पॅक करणं, भागीदारानं भलत्याच सब्स्ट्रेटवर (थर ज्यावर बसवतात त्या तळावर) पाठवलेले नमुने परत करून नवे यायची वाट पाहणं, हे मी धरलंच नव्हतं. चौदा महिने लागले, आणि मधेच आमच्या पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधकाचा, करार संपला. ग्रँटचा आकडा एकदा ठरला की जास्तीच्या महिन्यांसाठी कोणी वाढवून देत नाही. तेव्हा फोनवर आकडा सांगू नका. ज्याच्या हातून काम व्हायचंय, त्याच्याशेजारी बसून हिशेब करा.

कन्सॉर्शियम करारावर, म्हणजे भागीदारांच्या आपसातल्या करारावर, सही करताना तुमची आधीची थर बनवायची रीत ‘बॅकग्राउंड’ म्हणून नोंदवून घ्या, आणि ती कुणाला कशासाठी वापरता येईल हेही. संस्थेतले वकील हे पान सहसा उलटून पुढे जातात.

प्रश्न : माझी पीएचडी झाली आहे, पण गट वगैरे काही नाही. एकटीला काही आहे का?

उत्तर : आहे. मेरी स्क्लोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप. तिच्या नेहमीच्या, ‘युरोपियन’ प्रकाराला राष्ट्रीयत्वाची अट नाही. अर्ज मात्र यजमान संस्थेसोबत करायचा, त्यामुळे एक मेल तरी लिहावीच लागेल. याच प्रकारासाठी, अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत त्या यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त राहिला नसलात ना, एवढं आधी पासपोर्ट काढून मोजा.