पहिलं पोस्टिंग मेळघाटात आलंय? जा बिनधास्त

ऑर्डरवर धारणी तालुका वाचून घरच्यांची तोंडं पडली असतील ना, तरी जा. शिक्षणसेवकाची (म्हणजे कायम शिक्षक होण्याआधीची) ३ वर्षं, महिन्याचं मानधन १६,००० (२०२३ च्या आधी तर ६,०००च होतं), त्यात रूमभाडं, पेट्रोल, ओढाताण होणार हे खरंय.

पण एक ऐक, पहिलीतली पोरं घरी कोरकू बोलतात आणि ती मराठीच्या कुळातली भाषाच नाही, मुंडा कुळातली आहे, त्यामुळे गप्प बसलेल्या पोराला लगेच ढ समजू नकोस. चौथीच्या पोरांना सोबत घे, तीच दुभाषी होतात, आणि तू पण रोज दोन शब्द त्यांच्याकडून शीक, सरांना आपण शिकवतोय म्हटल्यावर पोरं जी खुलतात ना, तो आनंद मला डीएडच्या कुठल्याच पाठात मिळाला नव्हता.

दिवाळीनंतर बरीच कुटुंबं कामाला बाहेर जातात, वर्ग ओस पडतो. तेव्हा आजी-आजोबांना भेट, पोरगं त्यांच्याकडे राहिलं तर शाळा सुटत नाही. होळीला मात्र गावातच थांब, घरी पळू नकोस, सगळी माणसं परत येतात, फगवा (होळीचे पैसे) मागतात, नाचायला ओढतात. बहुतेक पालक माझ्याशी मोकळं बोलले ते तिथेच.