धोरण दिल्लीत बदलेल, पण अंजनाचं बी इथेच टोचावं लागेल

पाऊस इतका बेभरवशाचा झालाय, मग सातपुड्यात अजून सागाचीच रोपं का लावायची आणि वन धोरण कधी बदलणार, असं तुम्ही विचारलंय. राष्ट्रीय वन धोरण 1988 चंच चालू आहे. 2018 च्या मसुद्यात हवामान बदल होता, पण तो अंतिम झाला नाही. एकतृतीयांश जमीन झाडाखाली हवी, हे उद्दिष्ट तर 1952 च्या धोरणापासूनचं. ती झाडं कोणती आणि दुष्काळात टिकतील का, हे त्यातून ठरत नाही.

ते ठरतं वन विभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलात काय करायचं याच्या दहा वर्षांच्या आराखड्यात. म्हणून माझं लक्ष तिकडे जास्त.

आपल्याकडचं अंजनाचं झाडच घ्या. त्याचं रोप आधी वर्षानुवर्षं सोटमूळ खाली घालतं, खडकाच्या भेगेतूनसुद्धा, आणि मगच वर उठतं. पिशवीत ते मूळ गोल वळतं, पुढे झाड तग धरत नाही. बी पावसाच्या तोंडावर जागेवरच टोचलेलं बरं. पण टोचलेलं बी तक्त्यात मोजता येत नाही, रोप येतं! राज्याचं लक्ष्य 2016 ला 2 कोटी रोपांचं होतं, 2019 ला 33 कोटींचं. मोजणी लागवडीच्या दिवशी नको, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर हवी.

जुन्या खुंटांना फुटवे येतातच. एकदोन सरळ ठेवून बाकीचे काढावेत आणि बकऱ्या आवराव्यात. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी आणि गावची राखण यांवर जंगल परत आणलं. तिथल्या चैत्राम पवारांना 2025 ला पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी.

वणव्याचं मात्र मला फार वाटतं. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि वाढत्या उन्हात ती आग डोंगरभर जाते. त्या घरांची चूल मोहावर चालते, त्यांना नुसतं दटावून काय होणार? झाडाखाली अंथरायला जाळी द्या, पाला पेटवायची गरजच उरणार नाही. हा खर्च धोरणात लिहिलेला हवा.

तुमच्या गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल राखायचा आणि वापरायचा गावाचा हक्क, मिळाला असेल तर दिल्लीची वाट पाहू नका. ग्रामसभेची समिती स्वतःचा व्यवस्थापन आराखडा करू शकते, आणि तो वन विभागाच्या कार्य आयोजनेत सामावून घ्यायची तरतूद 2012 च्या सुधारित नियमांत आहे. फुटवे, जाळरेषा (वणवा अडवायला मोकळे केलेले पट्टे), जाळी, जागेवर टोचायचं बी हे त्यात आधी लिहा, रोपांची मागणी नंतर.