एकेरीत जमत नाही तेच पुरुष दुहेरी खेळतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या, स्पर्धेत पुरुष दुहेरी नेमकी कशी चालते, आणि एकेरीत जे चालले नाहीत तेच तिकडे वळतात हे खरं का. दुसरीचं आधी सांगतो, कारण आमच्याकडे सोलापुरात ऑस्ट्रेलियन ओपन सुरू झाली की कोर्टाच्या कडेला चहा पिताना हाच वाद निघतो.

तर, निम्मं खरं आहे. रोहन बोपण्णा एकेरीत पहिल्या दोनशेत कधीच आला नाही. तोच माणूस ४३ व्या वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, मॅथ्यू एब्डनला घेऊन ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला आणि दुहेरीच्या क्रमवारीत जगात पहिला झाला. त्या वयात पहिल्यांदा तिथे पोचलेला दुसरा कोणी नाही. उरलेल्यांचा खेळ असता तर एकेरीतल्या मोठ्या नावांनी येऊन सहज लुटून नेला असता. अधूनमधून नेतातही, किर्गिओस आणि कोकिनाकिस २०२२ मध्ये वाइल्ड कार्डवर, म्हणजे संयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर, येऊन मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकले होतेच. पण २०२५ च्या यूएस ओपनला मिश्र दुहेरी एकेरीतल्या ताऱ्यांनी भरून टाकली, आणि करंडक कोणी उचलला? एरानी आणि वावासोरी या मुरलेल्या दुहेरीवाल्यांनी, अंतिम फेरीत श्वियाँतेक आणि रूड या एकेरीतल्या ताऱ्यांना हरवून. मिश्र दुहेरीचं उदाहरण आहे, पण मुद्दा तोच.

आता खेळाकडे. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीत दोन्ही बाजूंची साडेचार-साडेचार फुटांची गल्ली धरून ३६. सर्व्हिसचा चौकोन मात्र तेवढाच राहतो. म्हणजे कोर्ट तिसऱ्या हिश्शाने वाढलं आणि माणसं दुप्पट झाली. पळापळ कमी, जागा अडवणं जास्त. आमच्याकडे संध्याकाळी एक काका खेळायला येतात, गुडघे पार गेलेले, कमरेला नॅपकिन. नेटपाशी उभे राहून पार्टनरला सांगतात, "मागचं तू बघ बे, पुढचं मी बघतो." आणि खरंच, त्यांच्या हाताच्या टप्प्यातून चेंडू जात नाही. विशीतली पोरं त्यांच्यापुढे हरून घरी जातात. एप्रिलच्या सोलापुरी उन्हाळ्यात एकेरी खेळायची कोणाची छाती नाही, म्हणून इथे सगळे दुहेरीतच तयार होतात, हे वेगळं.

व्यावसायिक पातळीवर हेच काम फार बारकाईने चालतं. म्हणून पहिल्यांदा बघणाऱ्याला मी सांगतो, चेंडू सोडा, सर्व्हिस करणाऱ्याचा जो पार्टनर नेटवर असतो त्याच्याकडे बघा. पॉइंट सुरू व्हायच्या आधी तो एक हात पाठीमागे नेऊन बोटांनी खूण करतो: सर्व्हिस कुठे टाक, आणि मी आडवा धावून चेंडू कापणार की जागेवर राहणार. समोरच्याला ती खूण दिसत नाही. कधी तो अगदी मध्यावर, जवळजवळ जमिनीला टेकून बसतो. त्याला आय फॉर्मेशन म्हणतात. रिटर्न मारणाऱ्याला, म्हणजे सर्व्हिस परतवणाऱ्याला, शेवटपर्यंत कळत नाही की हा डावीकडे उठणार की उजवीकडे. बहुतेक वेळा सर्व्हिस मधल्या रेषेवर येते, कारण तिथून रिटर्नला कोन मिळत नाही आणि नेटवरच्याचं काम सोपं होतं. पॉइंट तीन-चार फटक्यांत संपतो. "रॅलीच होत नाही" अशी तक्रार करणारे नेमकी ही मधली चोरटी हालचाल बघत नसतात.

२०१९ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीच्या एटीपी स्पर्धेत बोपण्णा आणि दिविज शरण यांनी बॅम्ब्रिज-ओमारा जोडीला ६-३, ६-४ असं हरवलं. बोपण्णा उजवा, शरण डावखुरा. अशी जोडी असली की समोरच्याला दर गेमला सर्व्हिसची फिरकी उलटी मिळते. ब्रायन बंधूंचंही तेच होतं, बॉब डावखुरा आणि माइक उजवा. दोघांनी मिळून १६ ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं, काढले.

नियम थोडक्यात. एटीपी २५० या सर्वांत खालच्या दर्जाच्या एटीपी स्पर्धेत साधारण १६ जोड्या, म्हणजे चार सामने जिंकले की विजेतेपद. ४०-४० झालं की ॲडव्हांटेज नाही, म्हणजे सलग दोन पॉइंट घ्यावे लागत नाहीत, एकच निर्णायक पॉइंट. रिटर्न कोणत्या बाजूने घ्यायचा ते घेणारी जोडी ठरवते. सेट १-१ झाले की तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा टायब्रेक: आधी दहा पॉइंट करेल ती जोडी जिंकते, पण दोनचा फरक हवा. हे २००६ पासून. ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीत तिसरा सेट पूर्ण खेळतात, आणि विम्बल्डनला तर २०२२ पर्यंत पाच सेटांची होती. मला स्वतःला दहाचा टायब्रेक आवडत नाही. दीड तास नीट खेळलेली जोडी दोन वाईट सर्व्हिसमध्ये घरी जाते. पण टीव्हीवाल्यांना आणि संयोजकांना सामना कधी संपेल याचा अंदाज हवा असतो, त्यामुळे हे बदलेल असं वाटत नाही.

प्रवेशाचंही एक आहे. जोडीतल्या दोघांच्या क्रमवारीची बेरीज बघतात, आणि त्यात एकेरीची क्रमवारीही चालते. त्यामुळे एकेरीतले दोघे ऐनवेळी नाव देतात आणि वर्षभर फक्त दुहेरीवर पोट भरणारी एखादी जोडी बाहेर राहते. बक्षिसाची रक्कम मुळात एकेरीपेक्षा बरीच कमी, ती जोडीला मिळते आणि दोघांत वाटली जाते. विमान, कोच त्यातूनच. पुण्याच्या अर्जुन कढेने ऋत्विक बोल्लीपल्लीबरोबर २०२४ मध्ये अल्माटीची एटीपी स्पर्धा जिंकली, शेवटचा टायब्रेक १४-१२. आपल्याकडच्या किती वर्तमानपत्रांनी ती बातमी क्रिकेटच्या वर छापली असेल, तुम्हीच सांगा.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर बालेवाडीची एटीपी २५० आता राहिली नाही, २०२३ ची शेवटची. पुण्यात चॅलेंजर, म्हणजे एटीपीच्या खालच्या पायरीच्या स्पर्धा, झाल्या आहेत, आणि सोलापुरात आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची (आयटीएफ) महिलांची स्पर्धा होऊन गेली आहे. दुहेरी तिथेही असते आणि अगदी जवळून दिसते. जागा मात्र बेसलाइनच्या मागची धरा. बाजूला बसलात तर मान इकडून तिकडे फिरत राहते आणि पाठीमागची बोटं दिसतच नाहीत.