डबल स्टँड नसलेल्या बाईकसाठी पॅडॉक स्टँड कोणता घ्यावा? एकट्याला लावता येतो का?

तुम्ही लिहिलंय की बाईक २०० सीसीच्या आसपासची आहे, डबल स्टँड नाही, चेन साफ करणं आणि ऑइल लावणं घरीच करायचंय, मदतीला कोणी नसतं, आणि पुढचा-मागचा असा दोन्ही स्टँडचा सेट घ्यावा की एकच. पॅडॉक स्टँड म्हणजे बाईकखाली सरकवायची सुटी चौकट, तिचं लांब हँडल खाली दाबलं की चाक जमिनीवरून उचललं जातं. मी बरीच वर्षं चेन, ब्रेक पॅड, चाक काढणं असली कामं घरीच करतो, त्यातून जे कळलंय ते सांगतो. उत्तर लांबेल, पण हे नीट सांगितलंच पाहिजे, कारण चुकीच्या स्टँडवरून बाईक पडली की टाकी, हँडल, लिव्हर आणि कधीकधी आपला पायसुद्धा जातो.

आधी स्टँड बघू नका, आधी बाईकच्या मागे उकिडवे बसा आणि तिचा स्विंगआर्म बघा, म्हणजे मेकॅनिक लोक ज्याला चिमटा म्हणतात तो, मागचं चाक ज्याच्यात बसतं. त्याच्या दोन्ही बाजूंना, एक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) थोडं पुढे किंवा खाली, आटे पाडलेलं भोक आहे का ते बघा. कधीकधी त्याच्यावर छोटं रबरी किंवा प्लॅस्टिकचं बूच असतं त्यामुळे पटकन दिसत नाही. हे भोक असेल तर तुमचा प्रश्न अर्धा सुटला, त्यात स्पूल बसवायचे (काहीजण बॉबिन म्हणतात, दोऱ्याच्या रिळासारखा आकार असतो, मध्ये खाच) आणि स्टँड घ्यायचा तो व्ही आकाराच्या हुकांचा. हुक बरोबर त्या खाचेत बसतो आणि मग बाईक डावीकडे-उजवीकडे सरकायला जागाच राहत नाही. माझं स्पष्ट मत आहे की भोक असेल तर स्पूलच, दुसरा विचार करू नका.

स्पूल घेताना एकच गोष्ट नीट बघायची, आट्यांचं माप. एम६, एम८ आणि एम१० ही तीन मापं जास्त दिसतात आणि कंपनीनुसार, कधी मॉडेलनुसारसुद्धा बदलतात, त्यामुळे मित्राच्या बाईकला बसले म्हणून आपल्याला बसतील असं धरू नका. जाडी जुळली तरी आट्यांमधलं अंतर वेगळं असू शकतं. बोल्ट आधी हाताने फिरवायचा, निदान तीन-चार फेरे बोटांनी सहज आत गेला पाहिजे, आणि अडला तर तिथेच थांबायचं, पाना लावून रेटायचं नाही. ॲल्युमिनियमच्या स्विंगआर्मचे आटे एकदा गेले की ते काम फार महागात जातं. बोल्टची लांबीपण बघा, आरपार भोक असेल आणि बोल्ट लांब असेल तर आतल्या बाजूला चेनला किंवा टायरला घासू शकतो.

भोक नसेल तर मग रबरी पॅडवाला स्टँड, ज्याच्यावर एल आकाराच्या पट्ट्या असतात आणि त्या स्विंगआर्मच्या खालून टेकतात. हा वाईट नाही, हजारो लोक वापरतात, पण हा घर्षणावर उभा असतो हे लक्षात ठेवा. माझा पहिला स्टँड हाच होता. एकदा चेनला ऑइल मारून झालं होतं, बाईक खाली घेतली, मग आठवलं की मागचा ब्रेक बघायचा राहिला, म्हणून परत उचलायला गेलो. उडालेलं ऑइल स्विंगआर्मच्या खालच्या बाजूला पातळ थरासारखं बसलं होतं ते मला दिसलंच नाही. स्टँडचं हँडल अर्धं खाली गेलं, डाव्या बाजूचं रबर चर्र करून मागे सरकलं, बाईक माझ्या मांडीवर आली, आणि साईड स्टँड खाली होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. त्या दिवसापासून पॅडवाला स्टँड लावायच्या आधी स्विंगआर्मची खालची बाजू आणि रबर दोन्ही कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय मी हँडलला हात लावत नाही. तुमचा स्विंगआर्म खालून गोल असेल किंवा मागे निमुळता होत गेला असेल तर पॅड अजूनच घसरतो, आणि काही बाईकना तिथूनच ब्रेकची नळी किंवा एबीएसची वायर जाते, ती पॅडखाली चिरडत नाही ना ते बघा.

एकाच बाजूने चाक धरलेलं असतं तसा स्विंगआर्म असेल तर हे दोन्ही चालत नाहीत, त्याला एक्सलच्या पोकळ भागात पिन घालायचा वेगळा स्टँड येतो आणि पिनचा व्यास बाईकप्रमाणे बदलतो. तुमच्या बाईकला हे लागू नसावं म्हणून पुढे जातो.

आता स्टँडचंच बघू. रुंदी कमी-जास्त करता येणारा घ्या, आणि घ्यायच्या आधी स्विंगआर्मच्या दोन्ही बाहेरच्या कडांमधलं अंतर टेपने मोजून ठेवा, सायलेन्सर कुठे येतो तेपण बघा कारण उजवीकडचा हुक बऱ्याचदा त्यालाच अडतो. स्टँडचं हँडल जितकं लांब तितका जोर कमी लागतो, एकट्याने उचलणाऱ्याला हे फार महत्त्वाचं आहे. वेल्डिंग बघा, पाईप जिथे जोडलाय तिथे सगळीकडून सलग पाहिजे, ठिपके ठिपके मारलेले नकोत. चाकं चार असलेला स्टँड जास्त स्थिर बसतो. रिकामा स्टँड जमिनीवर ठेवून हँडल आडवं हलवून बघा, बिजागरीसारखा लचकत असेल तर सोडून द्या. वजन पेलण्याचा आकडा लिहिलेला असतो पण तुमच्या बाईकचं वजन दीडशे किलोच्या आसपास असेल आणि त्यातलं साधारण अर्धंच मागे येतं, त्यामुळे आकड्यापेक्षा हुक नीट बसतो का आणि पाईप वाकत नाही ना यावर जास्त भर द्या.

एकट्याने लावता येतो का, तर हो, येतो, पण पहिल्या चार-पाच वेळा कोणालातरी पलीकडून सीट धरायला उभं करा, शेजारचा मुलगा असला तरी चालेल. जमीन सपाट आणि कडक पाहिजे, माती किंवा उतार नको. बाईक साईड स्टँडवरच ठेवा, बाईकचं हँडल सरळ करा. साईड स्टँडखाली एक चपटी लाकडी फळी सरकवली की बाईक मुळातच जास्त उभी राहते आणि दोन्ही हुक जवळपास सारखेच बसतात, एकट्यासाठी ही युक्ती सगळ्यात कामाची आहे, फक्त फळी इतकी जाड नको की बाईक उजवीकडे कलंडेल. मग बाईकच्या डाव्या बाजूला मागे उभे राहा, डाव्या हाताने सीटच्या मागचा दांडा धरून बाईक सरळ करा, उजव्या हाताने स्टँड पुढे ढकला, दोन्ही हुक स्पूलला लागलेत हे वाकून डोळ्याने बघा (नुसता अंदाज नको, उजवीकडचाच चुकतो) आणि मग स्टँडचं हँडल एका दमात, पण झटका न देता, खाली दाबा. चाक जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर सुटलं की पुरे. वर गेल्यावर पुढचा ब्रेक रबराने किंवा पट्ट्याने बांधून टाका म्हणजे बाईक पुढे सरकून स्टँडवरून निघणार नाही. गिअर न्यूट्रल.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. चेन साफ करताना चाक हातानेच फिरवा. इंजिन चालू करून पहिला गिअर टाकून चेन फिरवत फडकं धरणारे लोक मी पाहिलेत, फडकं चेनमध्ये अडकलं की बोट स्प्रॉकेटपर्यंत (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) जायला क्षणसुद्धा लागत नाही. इंजिन बंद, चावी खिशात.

चेनची ढिलाई मोजायची असेल तर मॅन्युअलमध्ये कशावर उभी करून मोजायची ते वाचा. बऱ्याच बाईकमध्ये साईड स्टँडवर मोजायला सांगतात. पॅडॉक स्टँड स्विंगआर्मलाच उचलतो त्यामुळे सस्पेन्शनवर बाईकचं वजन तसंच राहतं, डबल स्टँडवर मात्र चाक लोंबतं आणि ढिलाईचा आकडा वेगळा येतो. म्हणून डबल स्टँडवाल्या बाईकचा आकडा ऐकून आपली चेन ताणू नका. पॅडॉक स्टँडचा खरा फायदा असा की चाक फिरवून चेन कुठे जास्त घट्ट आहे ती जागा शोधता येते, ढिलाई त्याच जागी मोजायची. आणि इंजिन ऑइलची पातळी स्टँडवर बघू नका, मागची बाजू वर गेलेली असते, बाईक पुढे झुकते आणि इंजिनवरच्या काचेच्या खिडकीतली पातळी चुकीची दिसते, ती दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून सरळ धरूनच बघायची.

अजून एक, मागचा शॉक (शॉक ॲब्झॉर्बर) किंवा त्याची लिंकेज (त्याला स्विंगआर्मशी जोडणारे भाग) काढायची असेल तर हा स्टँड चालणार नाही. तो स्विंगआर्मच्या आधारावर उभा असतो, शॉक काढला की वरची बाईक खाली बसेल. त्यासाठी फ्रेमला किंवा इंजिनच्या खालून आधार देणारा वेगळा स्टँड किंवा जॅक लागतो.

पुढच्या स्टँडचं म्हणाल तर आत्ता घेऊ नका, चेनसाठी त्याचा काहीच उपयोग नाही. पुढचं चाक किंवा फोर्क (ते चाक धरणारे दोन दांडे) काढायची वेळ आली तर घ्या, तेव्हाही फोर्कच्या तळाला टेकणारा स्टँड फक्त चाक काढायला चालतो, फोर्क काढायचे असतील तर स्टिअरिंग स्टेमच्या (बाईकचं हँडल ज्यावर वळतं त्या मधल्या नळीच्या) भोकात खालून पिन घालून उचलणारा लागतो. कुठलाही घ्या, पण आधी मागचा लावायचा, मग पुढचा, आणि उतरवताना उलटं. मागचा न लावता नुसता पुढचा कधीच लावायचा नाही.

आणि काम झाल्यावर बाईक खाली घ्यायच्या आधी साईड स्टँड खाली केलेला आहे ना ते बघा. बाईक वर असताना तो काम करताना पायाला अडतो म्हणून बरेच जण तो आत घेतात आणि विसरतात, मग स्टँडचं हँडल वर सोडलं की बाईक कुठे टेकवायची हे कळायच्या आत ती कलंडायला लागते. स्विंगआर्मला भोक आहे का आणि मॉडेल कोणतं ते इथेच लिहा, स्पूलचं माप बघून सांगतो.