रबरी मॅट आणली तरी गोठा धुवावाच लागतो

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. आमच्या दावणीला सहा संकरित होल्स्टीन गाई आहेत. चार वर्षांपूर्वी मातीचा गोठा मोडून सिमेंटचा कोबा केला. धुणं सोपं झालं, पण आता दोन गाईंचे गुडघे सुजलेत आणि एकीला वर्षात दोनदा दगडी (कासेची सूज) झाली. मिस्टर म्हणतात रबरी मॅट घेऊ. दुकानदार सांगतो, मॅट टाकली की रोज धुवायची कटकट संपली. सासूबाई म्हणतात, पुन्हा मुरूम-माती करा. तोवर म्हणून आम्ही जुने फ्लेक्स अंथरले, तर त्यावरून एक गाय घसरली. गोठ्याचं सगळं माझ्याकडेच असतं. काय करावं?
— एक पशुपालक भगिनी, ता. फलटण

उत्तर : ताई, ते फ्लेक्स आधी काढा. आजच काढा. ओल्या फ्लेक्सवर गाईचा खूर टिकत नाही. चारशे-पाचशे किलोची गाय मागचे पाय फाकून पडली, तर ती पुन्हा उभी राहीलच असं नाही. शिवाय कडा फाटल्या की गाय ते तुकडे चघळते. पोटात गेलेलं प्लास्टिक रवंथातून बाहेर येत नाही, तिथंच साठत राहतं.

आता मॅटचं. मॅट जरूर घ्या, पण गाईच्या गुडघ्यांसाठी घ्या. गाय बसताना आधी पुढचे गुडघे टेकते आणि उठतानाही त्यांच्यावरच भार घेते. नीट आराम मिळाला तर ती दिवसाचे बारा-चौदा तास बसून असते. तुमच्या कोब्यावर एकदा स्वतः गुडघ्यांवर धपकन बसून बघा. मी नवीन गोठ्यात गेले की हे करतेच. गुडघ्याला कळ आली तर जागा टणक आहे, आणि साडी ओली झाली तर जागा ओली आहे. या दोन्ही गोष्टी तुमची गाय रोज सोसते.

धुवायची कटकट संपते, हे मात्र खरं नाही. नोकरीत असताना एका गोठ्यावर मला दोन महिन्यांत तिसऱ्यांदा दगडीसाठी बोलावणं आलं. गोठा बघावा तर लख्ख. काळ्याभोर मॅट, वर शेणाचा डागसुद्धा नाही. मालकाची शाळकरी मुलगी रोज पहाटे खराटा मारायची. मी वाकून एका मॅटचा कोपरा उचलला आणि डोळ्यांत पाणीच आलं, इतका उग्र दर्प. खाली बोटभर जाडीचा काळा चिखल, मूत आणि शेण एकत्र कुजलेलं, आणि त्यात माश्यांच्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. दहा महिन्यांत मॅट एकदाही उचललेली नव्हती. उचलायची असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गाय बसली की तिच्या वजनानं तो रस कडेनं वर यायचा आणि नेमका कासेला लागायचा. त्या गाईचा एक सड कायमचा गेला. ती मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, "मी तर रोज झाडते." तिचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून तुम्हाला इतकं सविस्तर लिहिते आहे.

मॅट आणण्याआधी कोबा तपासा. गव्हाणीच्या बाजूला एक घागर पाणी ओता आणि बघत उभ्या राहा. पाणी न थांबता मागच्या गटारीत गेलं पाहिजे. साडेपाच फुटांच्या जागेला साधारण एक इंच उतार हवा. चार वर्षांत मुतानं सिमेंट खाल्लेलं असतं, मागच्या पायांपाशी खळगे पडलेले असतात. ते आधी गवंड्याकडून बुजवून घ्या. खळग्यावर मॅट टाकली की खाली डबकंच तयार होतं.

मॅट घेताना उलटी करून बघा. खालच्या बाजूला पाणी वाहून जायला खाचा असाव्यात आणि वरचा भाग खरखरीत असावा. साडेसहा बाय चार फुटांची जाड रबरी मॅट तीस-चाळीस किलोची भरते, तेव्हा तुमच्या जागेच्या मापाची घ्या. मागची कड गटारीच्या काठापर्यंत यावी, गटारीत लोंबू नये. दोन मॅटमध्ये अर्धा इंच फट ठेवा, कारण रबर उन्हानं आणि वजनानं पसरतं. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी खिळे-स्क्रू मारून कायमची बसवू नका.

रोज दोन वेळा आधी शेण फावड्यानं कोरडंच ओढा, मग खराटा आणि थोडं पाणी. आठवड्यातून एकदा, गाई बाहेर बांधल्यावर, मॅट गव्हाणीकडे दुमडून उभी करा आणि खालचा कोबा घासा. आठवडाच का, तर उन्हाळ्यात माशी अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस घेते. त्याआधी अळ्या धुऊन गेल्या की पुढची पिढीच होत नाही. धुण्याचा सोडा लिटरला चाळीस ग्रॅम घालून घासा, नंतर साध्या पाण्यानं धुवा. ब्लीचिंग पावडर वापरायची तर आधी मूत पूर्ण धुऊन काढा, नाहीतर दोन्हींचा मिळून छातीत जाणारा वायू होतो. कोबा वाळला की चुना भुरभुरवा आणि वर मॅट पाडा. मॅटच्या वर चुना नको, सडांची कातडी भाजते. गोचिडांसाठी भिंतीला जळकं ऑइल मारत असाल तर त्याचा थेंबही मॅटवर पडू देऊ नका. तेलानं रबर फुगतं आणि त्याचे पापुद्रे सुटतात.

हे वजन एकटीनं उचलू नका, ताई. मॅट मिस्टर आणणार आहेत, तर आठवड्याचा तो एक तास त्यांचाही आहे. पत्राचा हा भाग त्यांना वाचून दाखवा. सहाच्या सहा एकदम घ्यायच्या नसतील तर सुजलेल्या गुडघ्यांच्या दोघींपासून सुरुवात करा. वासरांना मात्र मॅट नको, त्यांना गव्हाचं काड भरपूर अंथरा.

सासूबाईंचं म्हणणंही मोडीत काढू नका. माती मऊ असते, ऊब देते, आणि गुडघ्यांच्या बाबतीत त्यांचा अनुभव बरोबरच आहे. पण बांधलेल्या गाईंखालच्या मातीत रोज मूत मुरतं, आणि भेगांत गोचीड हजारो अंडी घालते. मागे मोकळी जागा असेल तर तिथं कुंपण घालून मुरुमाचं आवार करा आणि दिवसा गाई मोकळ्या सोडा. धार आणि पावसापुरता कोबा. सासूबाईंना हे नक्की पटेल.

दगडी झालेल्या गाईचं दूध मात्र तपासून घ्या, नुसत्या मॅटनं ती बरी होणार नाही. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं. म्हणून सड औषधात बुडवा आणि लगेच वैरण टाका, म्हणजे खाता खाता गाय उभी राहते.

आणि ते काढलेले फ्लेक्स टाकून देऊ नका. पावसाळ्यात कडब्याच्या गंजीवर घट्ट बांधा, फक्त गाईंचं तोंड पोचणार नाही इतक्या लांब.